संगणकावरचे आरेखन आणि आरेखकांची मंडळे

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय कळविण्यास सांगितले तेव्हा मी ‘अभियांत्रिकी आरेखनाची सॉफ्टवेअरे वापरणाऱ्यांची स्थानिक मंडळे’ असे लिहून पाठविले. त्यांचे उत्तर मोठे मासलेवाईक होते. अड्याळला धानाचा भाव चालेल, कालव्याचे पाणी चालेल, एखाद्या संताचे चरित्र तर हमखास चालेल; पण हे ऐकावयास येणार कोण, असे त्यांनी विचारले होते. शंका रास्त होती. मी एवढेच कळविले, की या भागात राइस मिलची, गोदामांची आणि मंगल कार्यालयांची जी पत्र्याची उंच छपरे दिसतात, त्यांच्याखाली बसणारे लोक आले तरी मला पुरे आहेत. आज अशा बहुतेक छपरांचा नकाशा संगणकावर निघतो. छपराच्या मालकाला लोखंड किती लागले हे ठाऊक असते, मजुरी किती गेली हे तर तो पाठ म्हणून दाखवील. पण नकाशा काढणाऱ्याला जेथे अडले तेथे त्याने कोणाला विचारले, हे त्याला ठाऊक नसते. माझा विषय तो आहे.

प्रथम साधनाची ओळख करून घेऊ. ज्यांनी जुनी आरेखनाची खोली पाहिली असेल त्यांना ती आठवेल: उतरता लाकडी फळा, त्यावर ताणून बसविलेला कागद, टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, शाईची लेखणी आणि चुकलेली रेघ खरवडण्यासाठी दाढीचे पाते. ट्रेसिंगवरून अमोनियाच्या प्रती निघत आणि त्यांचा उग्र वास दिवसभर कपड्यांना येत राही. १९६३ साली अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत आयव्हन सदरलँड या संशोधकाने आपल्या प्रबंधासाठी ‘स्केचपॅड’ नावाची आज्ञावली तयार केली. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघ ओढावी आणि यंत्राने ती नीट करून ध्यानात ठेवावी, अशी ती करामत होती. त्यानंतरची जवळजवळ वीस वर्षे ही विद्या विमाने आणि मोटारी बनविणाऱ्या धनाढ्य कारखान्यांतच राहिली, कारण यंत्र मोठे आणि महाग होते. १९८२ च्या अखेरीस जॉन वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ऑटोडेस्क कंपनीने ‘ऑटोकॅड’ विक्रीस आणले. ते मेजावर मावणाऱ्या संगणकावर चाले. तेथून हा फळा मोडीत निघू लागला.

या आज्ञावली दोन जातींच्या असतात, हा भेद ध्यानात ठेवावयास हवा. पहिली जात रेघा काढणारी. ती म्हणजे न दमणारा आरेखक होय. आपण सांगू ते काढील, शहाणपण सांगणार नाही. दुसरी जात हिशेब करणारी. हे छप्पर वाऱ्यात टिकेल का, ही तुळई वाकेल किती, या भिंतीला पाण्याचा दाब सोसेल का, याचे उत्तर ती देते. तिची रीत ऐकण्यास सोपी आहे. एका भिंतीचे शेकडो लहान तुकडे कल्पावयाचे, प्रत्येक तुकड्याचे समीकरण मांडावयाचे आणि सारी समीकरणे एकदम सोडवावयाची. माणसाला जन्म पुरणार नाही असे हे काम यंत्र चहा थंड होण्याच्या आत उरकते, आणि उत्तर रंगीत चित्रात दाखविते. धोका बहुधा त्या रंगांतच असतो. इतके सुंदर चित्र खोटे असेल असे नवशिक्याला वाटतच नाही.

पण आधी पहिल्या जातीची, म्हणजे रेघांची, एक फजिती सांगतो. ती माझीच आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका खासगी कार्यालयात होतो. एका शेडच्या खांबांखाली बसवावयाच्या लोखंडी पाट्यांचा नकाशा मी काढला. कोपऱ्यात प्रमाण एकास वीस असे लिहिले. प्रत काढताना नकाशा कागदावर मावेना, म्हणून यंत्राला ‘कागदात बसव’ अशी आज्ञा दिली. यंत्राने तो इमानाने बसविला, म्हणजे शंभराला चौऱ्याण्णव इतका आकसून बसविला. कोपऱ्यातले ‘एकास वीस’ मात्र जसेच्या तसे राहिले. त्यात दोन बोल्टांमधील अंतराचा आकडा लिहावयाचा माझ्याकडून राहून गेला होता. मिस्त्रीने, जो कोणताही मिस्त्री करील तेच केले: पट्टी लावून कागदावरचे अंतर मोजले आणि विसाने गुणले. ३०० मिलिमीटरच्या जागी त्याला २८२ मिळाले. पायात बोल्ट आधीच गाडलेले होते. पाटी वरून उतरविली तेव्हा भोके अठरा मिलिमीटरनी चुकली. बोल्टासाठी भोकात थोडी सैल ठेवलेली असते, पण अठराची नसते. शेवटी गॅस कटरने भोके लांबविली, वर जाड वॉशर वेल्ड केले आणि काम उभे राहिले. ते आजही उभे आहे. तरी त्या गावावरून जाताना मी दुसऱ्या खिडकीकडे तोंड करून बसतो.

दोन महिन्यांनी दुसऱ्या एका कार्यालयातील आरेखकाची गाठ पडली. त्याला मी हे सांगितले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “आम्ही प्रत्येक कागदावर शंभर मिलिमीटरची एक पट्टी काढून ठेवतो. प्रत हाती आली की आधी ती टेपने मोजायची. शंभर भरली नाही तर कागद परत.” युक्ती काही नवी नव्हती, जुन्या मोजणीच्या नकाशांवरही अशी पट्टी असते. पण माझ्या कपाटातील जाडजूड मार्गदर्शिकेत नकाशा कागदात कसा बसवावा याचे एक पान होते, केव्हा बसवू नये याचे नव्हते. ते पान तसल्याच चुका केलेल्या माणसाच्या तोंडी असते, आणि तो माणूस भेटावा लागतो. अशी माणसे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी भेटू लागली की तिचे नाव मंडळ. इंग्रजीत त्याला यूजर ग्रुप म्हणतात.

ही प्रथा संगणकाइतकीच जुनी आहे. १९५५ साली दक्षिण कॅलिफोर्नियातील विमान कारखाने आय. बी. एम. कंपनीची संगणक-यंत्रे वापरीत होते. हे कारखाने एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी. तरी त्यांच्या गणकखोल्यांतील माणसांच्या ध्यानात आले, की वर्गमूळ काढण्याची किंवा छापील तक्ता बाहेर पाडण्याची तीच ती आज्ञावली प्रत्येक जण स्वतंत्रपणे लिहीत बसला आहे. विमान कोणाचे उडते याची स्पर्धा असावी, वर्गमूळाची कशाला? त्यांनी एक मंडळ काढले आणि नाव ठेवले ‘शेअर’, म्हणजे वाटून घेणे. ते मंडळ पुढे दशकानुदशके चालत राहिले. ऑटोकॅडच्या बाबतीतही तसेच झाले. आज्ञावलीत लहान लहान पोटआज्ञावली स्वतः लिहून घालण्याची सोय १९८० नंतरच्या दशकात झाली, आणि जिन्याच्या पायऱ्या आपोआप काढणारी, दारखिडक्यांचा तक्ता आपोआप भरणारी असली लहानसहान हत्यारे लोक फ्लॉपीवर घालून बैठकीला आणू लागले. गावोगावची मंडळे मिळून १९९० साली उत्तर अमेरिकेचे एक मोठे मंडळ झाले. त्याचेच पुढे आंतरराष्ट्रीय मंडळ बनले. सभासदांनी मागण्यांची यादी करावयाची, मते घ्यावयाची आणि ती यादी कंपनीपुढे ठेवावयाची, असा त्यांचा परिपाठ पडला. त्या यादीतील पुष्कळ मागण्या पुढच्या आवृत्त्यांत उतरल्या आहेत.

हे झाले दूरचे. आपल्याकडची बैठक कशी असते ते नागपुरात मी एकदा पाहिले. तिचे वर्णन करण्याजोगे आहे. शनिवारची संध्याकाळ, एका दुकानावरची माडी, दहाबारा प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर प्रक्षेपकाचा चौकोन आणि मध्ये एक लॅपटॉप. महाराष्ट्रात डिसेंबर २०२० मध्ये बांधकामाची एकत्रीकृत नियमावली आली. परवानगीचे नकाशेही आता पुष्कळ ठिकाणी आधी संगणक तपासतो. पुण्याच्या सॉफ्टटेक कंपनीची ‘ऑटोडीसीआर’ ही अशा तपासणीची एक प्रसिद्ध आज्ञावली. तपासणारे यंत्र असल्यामुळे नकाशाही यंत्राला वाचता येईल असा काढावा लागतो. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे संगणकावरच्या नकाशात थर असतात. प्लॉटची हद्द एका थरावर, इमारतीची रेघ दुसऱ्या थरावर, जिना तिसऱ्यावर, आणि थरांची नावे ठरवून दिल्याप्रमाणे. माणूस तपासणीस ‘समजून घेतो’. यंत्र घेत नाही.

त्या दिवशी एक तरुण आला होता, वर्षा-दोन वर्षांपूर्वीच पदविका घेतलेला. त्याचा नकाशा तीन वेळा परत आला होता. प्लॉटचे क्षेत्रफळ शून्य, असे यंत्र म्हणत होते. त्याने नियम वाचले, थरांची नावे पडताळली, सारा नकाशा नव्याने काढून पाहिला, पुन्हा शून्यच. ज्याच्या हाती माउस होता त्याने प्लॉटचा एक कोपरा मोठा करीत नेला, आणखी मोठा केला, आणि भिंतीवर दिसले की हद्दीच्या दोन रेघा कोपऱ्यात एकमेकींना टेकलेल्याच नाहीत. मध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट होती. “अरे भाऊ, तुझं कुंपणच बंद नाही झालं, ढोरं शिरतील ना!” असे कोणीतरी म्हटले आणि माडी हसली. तीन आठवड्यांची अडवणूक तीन मिनिटांत सुटली.

खरी गंमत त्यानंतर झाली. कोपऱ्यात एक निवृत्त ओव्हरसियर बसले होते. त्यांना संगणक सुरूही करता येत नव्हता. ते चष्मा वर करून म्हणाले, “कुंपण बंद झालं, बरं झालं. पण बाळा, ही बाजूची मोकळी जागा तू भिंतीपासून मोजलीस की छज्जापासून?” मुलगा गप्प झाला. यंत्राने तो नकाशा मग कदाचित पासही केला असता. मुलाला यंत्र येत होते आणि जागेवर काय घडते ते येत नव्हते. ओव्हरसियरांना सारे जागेवरचे येत होते आणि यंत्र येत नव्हते. एरवी या दोघांची गाठ कोणत्या कार्यालयात पडली असती? पुढचा तासभर तो मुलगा त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसला होता.

आता दुसऱ्या जातीकडे, हिशेब करणाऱ्या आज्ञावलींकडे, वळू. येथे चूक झाली तर कागद परत येत नाही. इमारत खाली येते. अमेरिकेतील हार्टफर्ड शहरात एका मोठ्या क्रीडागृहाचे लोखंडी जाळीचे छप्पर संगणकावर हिशेब करून बांधले होते. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या ओझ्याखाली ते संपूर्ण कोसळले. आदल्या रात्री तेथे बास्केटबॉलचा सामना पाहावयास सुमारे पाच हजार माणसे बसली होती. कोसळले ते सारे घरी गेल्यावर काही तासांनी, म्हणून केवळ जीवितहानी टळली. छपराच्या वरच्या पट्ट्यांना जेथे आडवा आधार आहे असे संगणकात धरले होते, तेथे प्रत्यक्षात तो पुरेसा नव्हता. आणि मन खिन्न करणारी गोष्ट अशी, की छप्पर चढविताना ते अपेक्षेहून फार जास्त वाकल्याचे जागेवरच्या लोकांनी मोजून सांगितले होते. त्यांना उत्तर मिळाले, की एवढा फरक चालावयाचाच.

दुसरे उदाहरण नॉर्वेचे. समुद्रातील तेलविहिरीसाठी ‘स्लाइप्नर ए’ नावाचा काँक्रीटचा प्रचंड तळ किनाऱ्याजवळच्या खाडीत बांधून तयार झाला होता. २३ ऑगस्ट १९९१ रोजी तो चाचणीसाठी हळूहळू पाण्यात उतरविला जात असता एका पोकळ खणाची भिंत फुटली आणि सारा तळ बुडाला. माणसे वाचली, कोट्यवधी डॉलर बुडाले. चौकशीत आढळले, की हिशेबासाठी त्या भिंतीचे जे तुकडे कल्पिले होते ते नेमके नाजूक कोपऱ्यात वेडेवाकडे आणि मोठे होते. त्यामुळे कातरताण खरा होता त्यापेक्षा ४७ टक्के कमी दिसला. सळया त्या मानाने कमी पडल्या. नंतर बारीक तुकडे करून पुन्हा हिशेब केला तेव्हा भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती. म्हणजे आज्ञावली खोटी नव्हती. तिला विचारण्याची रीत चुकली.

मंडळ असते तर हे अपघात टळले असते, असे मी म्हणणार नाही. ते म्हणणे सोपे आणि खोटे होईल. परंतु विचारण्याची रीत कोठे शिकावयाची, हा प्रश्न वापरणाऱ्या लोकांनीच हाती घेतला हे खरे. ब्रिटनमध्ये १९८३ साली या तुकड्यांच्या पद्धतीने हिशेब करणाऱ्यांची ‘नाफेम्स’ नावाची संस्था निघाली. तिने एक साधे आणि शहाणपणाचे काम केले: ज्यांचे उत्तर आधीच पक्के ठाऊक आहे अशी कसोटीची गणिते तयार केली. आज्ञावली कोणाचीही असो, कितीही महाग असो, तिला आधी ही गणिते घालून पाहावयाची. गावातला दुकानदार नवा काटा आणला की पाच किलोचे माप त्यावर ठेवून पाहतो, तसेच हे.

येथे एक नाजूक गोष्ट सांगितली पाहिजे. मंडळ कोणाच्या अंगणात बसते यावर पुष्कळ अवलंबून असते. पुष्कळदा विक्रेताच ते भरवितो. सभागृह त्याचे, चहा त्याचा, शिकवावयास माणूसही त्याचाच. यात वाईट काही नाही. नवी आवृत्ती त्याच्याइतकी कोण समजावून देणार? पण त्या सभेत वस्तूच्या दोषांवर बोलणे जरा जड जाते. शिवाय धोरण बदलले की मंडळाच्या पायाखालची जमीन सरकते. २०१६ पासून ऑटोडेस्कने ऑटोकॅडचा कायमचा परवाना नव्याने विकणे बंद केले. तेव्हापासून ते भाड्याने घ्यावे लागते. भाडे थांबले की हत्यार थांबले. आपणच काढलेले नकाशे कंपनीच्या खासगी साच्यात बंद राहतात, या अडचणीपायी १९९८ साली काही कंपन्या आणि वापरणारे एकत्र आले आणि तो साचा बाहेरून उलगडण्यासाठी त्यांनी ‘ओपन डीडब्ल्यूजी अलायन्स’ ही संघटना उभी केली. स्वतःच्या पेटीची किल्ली करून घेण्यासाठी संघटना काढावी लागावी, हे विचित्रच.

भंडाऱ्याच्या माणसाला हे वेगळ्या शब्दांत सांगता येते. आपले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, मुख्यतः कोहळी लोकांच्या कसबातून उभे राहिले असे आपण ऐकत आलो आहो. पाळ कोठे घालावी, सांडवा किती खाली ठेवावा, तुडुमातून पाणी केव्हा सोडावे हे ज्ञान ज्यांचे धान त्या पाण्यावर होते त्यांच्यापाशी होते. मालगुजारी १९५१ साली संपली, ते योग्यच झाले. त्या काळची बेगार परत यावी असे कोणी म्हणणार नाही. पण तलाव सरकारदरबारी जमा झाले, आणि पाळीवर फिरून कोठे खेकड्याने भोक पाडले आहे ते पाहणारा माणूस हळूहळू पाळीवरून उतरला. आज त्या तलावांत गाळ किती साचला आहे, ते येथे बसलेल्यांना मी सांगावयास नको.

सुदैवाने पाळीवर फिरण्याची सोय या विद्येत पुन्हा होऊ लागली आहे, आणि ती आपल्याच राज्यात. मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये ‘फॉसी’ नावाचा उपक्रम आहे. केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याच्या मदतीने तो चालतो, आणि ज्यांची अंतर्गत रचना सर्वांना खुली आहे अशी फुकट सॉफ्टवेअरे शिक्षणात रुजविणे हे त्याचे काम. तेथे प्राध्यापक सिद्धार्थ घोष यांच्या मार्गदर्शनाखाली ‘ओसडॅग’ नावाची आज्ञावली तयार झाली. तिचा विषय पोलादी बांधकाम. म्हणजे आपली शेडची छपरेच. पोलादी बांधकामाची भारतीय संहिता, आय. एस. ८००, १९५६ साली प्रथम निघाली. तिची सध्या वापरात असलेली सुधारणा २००७ ची. परदेशी आज्ञावली पुष्कळदा परदेशी संहिता मनात धरून लिहिलेल्या असतात, भारतीय संहिता त्यांना मागून चिकटविलेली असते. ओसडॅग मुळातच आपल्या संहितेवर बेतलेली आहे. तुळई जेथे खांबाला मिळते त्या सांध्याची मापे आणि भार तिला द्यावेत. किती बोल्ट, केवढी पट्टी, केवढे वेल्डिंग ते ती सांगते. चित्रही काढते.

पण मला तिची आवडलेली गोष्ट निराळी आहे. उत्तराबरोबर ती पायऱ्यापायऱ्यांचा अहवाल देते: हे सूत्र, संहितेच्या या कलमातले, हे आकडे घातले, हे उत्तर, हे पास, हे नापास. शाळेत गुरुजी ‘रीत दाखवा’ म्हणत, तशी ती रीत दाखविते. रीत दिसली की शंका घेता येते. आणि रचना खुली असल्यामुळे शंका खरी निघाली तर ती दुरुस्तही करता येते. तिच्या घडणीत विद्यार्थ्यांचा हात आहेच. याच उपक्रमात विजेच्या मंडलांच्या आरेखनासाठी ‘ई-सिम’ आहे. पाठ्यपुस्तकांतील सोडविलेली उदाहरणे खुल्या सॉफ्टवेअरमध्ये उतरविण्याचे कामही महाविद्यालयीन मुलांनी मोठ्या प्रमाणावर केले आहे. फुकट मिळते म्हणून ते बरोबर असते, असे मात्र कोणी समजू नये. ओसडॅग संपूर्ण इमारतीचा भार शोधून देण्याची जबाबदारी घेत नाही, आणि नकाशाखाली सही करणाऱ्या अभियंत्याची जबाबदारी तर कोणतीच आज्ञावली घेत नाही.

भाषेचे काय, असे कोणी विचारील. आय. आय. टी. मुंबईचेच प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी ‘स्पोकन ट्यूटोरियल’ हा प्रकल्प उभा केला. सुमारे दहा मिनिटांचे पाठ, पडद्यावर सॉफ्टवेअर चालताना दिसते आणि मागे बोलणारा आवाज आपल्या भाषेत. मराठीतही पुष्कळ पाठ आहेत. पडद्यावरची अक्षरे त्यांनी मुद्दाम इंग्रजीच ठेवली आहेत. हे मला प्रथम खटकले होते. मग त्यामागचा विचार पटला: नोकरीच्या ठिकाणी पडदा इंग्रजीच असणार, अडते ते समजावून सांगणाऱ्या आवाजापाशी. पाठ थोडा ऐकावा, थांबवावा, शेजारच्या खिडकीत तेच स्वतः करून पाहावे, पुन्हा पुढे जावे, अशी त्यांची शिकण्याची पद्धत आहे. इंटरनेट सारखे तुटत असेल तर पाठ उतरवून घेऊनही चालतात. तरी एक उणीव राहतेच. तो आवाज आपल्याला शिकवितो; आपली फट त्याला दिसत नाही. कुंपण बंद नाही झालं म्हणून हसणारा शेजारी हवाच.

तो शेजारी अड्याळात मिळेल का? मला वाटते, चार माणसे पुरेत. आय. टी. आय. झालेला एक मुलगा किंवा मुलगी, वेल्डिंगच्या वर्कशॉपचा एक मालक, एक निवृत्त ओव्हरसियर आणि शाळेतील गणिताचे एक शिक्षक. झाडीपट्टीत नाटकाच्या तालमीला माणसे जमवावी लागत नाहीत, तालमीत चुकलेल्यावर हसतात आणि मग प्रॉम्प्टर हळूच वाक्य सांगतो. त्याच सवयीची माणसे ही. रविवारी शाळेचा संगणक मोकळा असतो. शुल्क ठेवू नये, अध्यक्ष तर मुळीच नेमू नये.

पहिल्या बैठकीला करावयास एक गणितही देऊन ठेवतो. वीस मिलिमीटर व्यासाचा, ४.६ प्रतीचा एक बोल्ट कातरला न जाता किती ओझे घेईल? शिक्षकांनी फळ्यावर आय. एस. ८०० चे सूत्र मांडावे: पोलादाची ताकद दर चौरस मिलिमीटरला ४०० न्यूटन, गुणिले क्षेत्रफळ, भागिले तीनाचे वर्गमूळ, भागिले सुरक्षेचा सव्वा. आट्यांच्या जागी बोल्टाचे क्षेत्रफळ २४५ चौरस मिलिमीटर धरतात. उत्तर सुमारे ४५ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ मानाने साडेचार टन येईल. मग मुलाने तेच संगणकाला विचारावे. संगणकाने ४५ सांगितले तर ठीक. ५८ सांगितले तर भांडू नये. त्याने आटे नसलेल्या गुळगुळीत दांड्याचे ३१४ चौरस मिलिमीटर धरलेले असतील. दोन्ही उत्तरे नियमाने बरोबर आहेत. कातर आट्यांवर येते की गुळगुळीत भागावर, हे ना फळ्यावर कळते ना पडद्यावर. ते कळण्यासाठी वर्कशॉपच्या मालकाने त्या दिवशी दुकानातून आणलेला बोल्ट खिशातून काढून टेबलावर ठेवावा, आणि त्याला आटे कोठपर्यंत आहेत ते चौघांनी मिळून पाहावे.